चार्ल्स कॅल्हून म्हणजे नेमका कोण? वाचकांचे प्रश्न, जेसी स्टोनबद्दल

मागच्या अंकात 'शेक, रॅटल अँड रोल' या १९५४ च्या गाण्यावर चार ओळी लिहिल्या होत्या. त्यात गीतकार म्हणून चार्ल्स कॅल्हून हे नाव दिलं, पुढे कंसात जेसी स्टोन असं टाकलं आणि तिथेच सोडून दिलं. त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचा सगळा कॉलम या एका माणसालाच द्यायचं ठरवलं. अगदी आनंदाने दिलाय, कारण रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे ज्यातून पुढे रॉक अँड रोल आलं त्या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीताच्या, सुरुवातीच्या काळात मागे राहून एवढं काम केलेला माणूस शोधूनही सापडणं कठीण, आणि त्याच्याबद्दल आपल्या भाषेत जवळपास काहीच वाचायला मिळत नाही.

प्रश्न : रेकॉर्डच्या लेबलवर चार्ल्स ई. कॅल्हून छापलंय आणि तुम्ही म्हणता गाणं जेसी स्टोनचं. दोन नावं कशाला? काही लपवाछपवी होती का?

लपवाछपवी नाही हो, पैसे गोळा करणाऱ्या संस्थांचा मामला होता. अमेरिकेत रेडिओवर, हॉटेलात, नाचाच्या हॉलमध्ये गाणं वाजलं की गीतकार-संगीतकाराला त्याचे पैसे मिळतात आणि ते गोळा करून वाटायचं काम संस्था करतात. त्यातली जुनी संस्था म्हणजे ॲस्कॅप, १९१४ ची. तिच्यात ब्रॉडवेवाले आणि न्यूयॉर्कचे नावाजलेले गीतकार होते, ब्लूज किंवा गावाकडचं संगीत लिहिणाऱ्यांना तिथे फारसं कोणी उभं करत नसे. मग ॲस्कॅपच्या दरांना कंटाळून रेडिओ कंपन्यांनीच १९३९ मध्ये बीएमआय नावाची दुसरी संस्था काढली आणि तिने या बाहेर राहिलेल्या लोकांना आत घेतलं. रिदम अँड ब्लूजची बहुतेक गाणी बीएमआयकडे नोंदली जायची ती यामुळे.

आता स्टोनची अडचण बघा. तो आधीपासून ॲस्कॅपचा सभासद, आणि एकाच वेळी दोन्हीकडे राहता येत नव्हतं, आणि तो काम करत होता ते सगळं क्षेत्र तर बीएमआयचं. म्हणून बीएमआयसाठी त्याने चार्ल्स कॅल्हून हे नाव घेतलं. असं करणारा तो एकटाच होता असंही नाही. तो जिथे काम करत होता त्या अटलांटिक रेकॉर्ड कंपनीचा मालक आहमेत एर्तेगुन स्वतःची गाणी 'न्यूगेत्रे' या नावाने लिहायचा, म्हणजे आपलंच आडनाव उलटं करून.

पण स्टोनला याची किंमत मोजावी लागली. 'मनी हनी'वर नाव जेसी स्टोन, 'शेक, रॅटल अँड रोल'वर नाव कॅल्हून, 'फ्लिप, फ्लॉप अँड फ्लाय'वर परत कॅल्हून, 'डोन्ट लेट गो'वर परत जेसी स्टोन. लेबल वाचणाऱ्याला वाटणार हे दोन वेगळे गीतकार, दोघांच्या नावावर थोडी थोडी चांगली गाणी आहेत. एकाच नावाखाली ही सगळी गाणी आली असती तर लोकांनी तेव्हाच विचारलं असतं, कोण आहे हा.

प्रश्न : १९५४ मध्ये हा गृहस्थ बावन्न वर्षांचा होता असं वाचलं. मग तरुण पोरांच्या संगीतात हा आला कुठून? आधी काय करत होता?

हो, जन्म १६ नोव्हेंबर १९०१, कॅन्ससमधल्या ॲचिसन गावी. म्हणजे फेब्रुवारी १९५४ मध्ये 'शेक, रॅटल अँड रोल' रेकॉर्ड झालं तेव्हा बावन्नच. मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट कोणती विचाराल तर हीच. रॉक अँड रोल म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनी अचानक घातलेला गोंधळ अशी जी समजूत आहे ना, ती स्टोनचं आयुष्य बघितलं की टिकत नाही.

घरच मुळी कलाकारांचं. कुटुंबाचा फिरता खेळ असायचा आणि हा अगदी लहान असतानाच शिकवलेल्या कुत्र्यांना घेऊन स्टेजवर यायचा. पुढे पियानो, मग स्वतःचा बँड, 'ब्लू सेरेनेडर्स' नावाचा. त्या बँडने १९२७ मध्ये ओके कंपनीसाठी 'स्टार्व्हेशन ब्लूज' रेकॉर्ड केलं, ती रेकॉर्ड आजही ऐकायला मिळते आणि ऐकताना कळतं की नोटेशन लिहिण्यावर या माणसाचा हात पंचविशीतच बसलेला होता. त्यानंतर कॅन्सस सिटी. तिथे त्याने जॉर्ज ली आणि इतरांच्या बँडसाठी संयोजन केलं, म्हणजे कुठलं वाद्य कधी काय वाजवणार हे सगळं कागदावर उतरवून द्यायचं काम.

कॅन्सस सिटी इथे महत्त्वाची आहे. तिथल्या बँडची सवय अशी की एक छोटासा स्वरांचा तुकडा घ्यायचा, सॅक्सोफोनवाल्यांनी तोच परत परत वाजवायचा, त्याच्यावर ट्रम्पेटवाल्यांनी दुसरा तुकडा टाकायचा आणि हे सगळं चाललेलं असताना एखादा दणदणीत आवाजाचा गायक माइक असो नसो, पूर्ण हॉलला ऐकू जाईल असं ब्लूज गायचा. बिग जो टर्नर त्याच शहरातला, बारमध्ये गिऱ्हाइकांना दारू देता देता गाणारा. पुढे वीसेक वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये स्टोनने टर्नरसाठी 'शेक, रॅटल अँड रोल' लिहिलं तेव्हा दोघांच्या कानात तेच शहर होतं, आणि ते गाण्यात ऐकू येतं.

१९३६ च्या सुमारास ड्यूक एलिंग्टनच्या मदतीने त्याला न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये काम मिळालं. मग हार्लेममधल्या अपोलो थिएटरसाठी लिहिणं, विनोदी प्रवेशांपासून गाण्यांपर्यंत जे लागेल ते. त्याच काळातली ब्रॉडवेचा नामांकित गीतकार कोल पोर्टर याची एक गोष्ट स्टोन सांगायचा. पोर्टरने त्याला विचारलं की तू लिहिताना कुठली अवजारं वापरतोस, आणि स्टोनला प्रश्नच कळला नाही, तेव्हा पोर्टरने त्याला यमकांचा कोश वगैरे असतो हे सांगितलं. १९४२ मध्ये त्याचं 'आयडाहो' हे गाणं बेनी गुडमनने रेकॉर्ड केलं आणि ते जॅझवाल्यांच्या इतकं अंगवळणी पडलं की पुढे कित्येक वर्षं ते वाजवत राहिले. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला 'इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ रिदम' या फक्त बायकांच्या बँडसाठी त्याने संयोजन केलं, त्यांना बसवलं, शिकवलं. त्या बँडची गायिका एव्हलिन मॅकगी, जिच्याशी त्याने पुढे १९७५ मध्ये लग्न केलं.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की तो तरुण पोरांच्या संगीतात आला नाही. तो आधीपासून जे करत होता त्याच्याकडे तरुण पोरं आली.

प्रश्न : "अटलांटिकचा साउंड जेसी स्टोनने बनवला" असं सगळे लिहितात. साउंड बनवला म्हणजे नक्की काय केलं? वाद्यं न वाजवणाऱ्या माणसाला कळेल असं सांगाल का?

हा प्रश्न सगळ्यात आवडला, म्हणून जरा लांबण लावतो.

अटलांटिक ही कंपनी १९४७ मध्ये आहमेत एर्तेगुन आणि हर्ब ॲब्रॅमसन यांनी न्यूयॉर्कमध्ये काढली. दोघं जॅझचे भक्त. रेकॉर्ड चांगल्या निघत होत्या, वादक उत्तम, पण खपत नव्हत्या. मग १९४९ मध्ये ते दोघं आणि स्टोन दक्षिणेकडच्या राज्यांमध्ये फिरायला गेले, तिथले लोक रात्री कशावर नाचतात ते ऐकायला. तिथल्या छोट्या छोट्या अड्ड्यांवर जमेल तसे जमवलेले बँड वाजत होते आणि लोक बेभान नाचत होते. स्टोनने यातून काढलेला निष्कर्ष फार साधा होता. आपल्या रेकॉर्डमध्ये सूर आहेत, कारागिरी आहे, फक्त ठेका नाही. आणि तो ठेका बासमधून, म्हणजे खालचे जाड सूर वाजवणाऱ्या तंतुवाद्यातून, आणता येईल.

आता हे जरा उलगडून बघू. स्विंग जॅझमध्ये बास काय करतो, तर चार मात्रांवर चार सारखे सूर, एकामागून एक, चालत गेल्यासारखे. ऐकायला छान, पण पायाला कुठे जोर द्यायचा ते कळत नाही, कारण सगळीकडे सारखाच जोर. स्टोनने बासला एक छोटी वळणदार ओळ लिहून दिली, दोन-तीन सूर, मध्ये किंचित थांबा, मग एक जोरदार सूर, आणि तीच ओळ पूर्ण गाणंभर फिरत राहणार. पियानोवर बुगीवुगी वाजवणाऱ्यांच्या डाव्या हातात हे आधीपासून होतंच, स्टोनने ते पूर्ण बँडच्या तळाशी नेऊन ठेवलं. त्यात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ड्रमचा फटका. मग ज्याला संगीतातलं काहीही कळत नाही त्यालासुद्धा पाय कधी आपटायचा ते कळतं.

याचा पुरावा ऐकायचा असेल तर एक सुंदर जोडी आहे. १९४२ मध्ये स्टोनची 'सोरगम स्विच' नावाची एक चाल मोठ्या बँडने वाजवलेली, स्विंगच्या पद्धतीची. तीच चाल १९४९ मध्ये सॅक्सोफोनवादक फ्रँक कलीने अटलांटिकसाठी 'कोल स्लॉ' या नावाने वाजवली. चाल तीच, लिहिणारा तोच, आणि खालचा ठेका बदलल्यावर गाण्याचा सगळा स्वभावच बदललेला. दोन्ही लागोपाठ ऐका. साउंड बनवणं म्हणजे काय ते माझ्या पानभर लिहिण्यापेक्षा त्या पाचसहा मिनिटांत जास्त कळेल.

दुसरी गोष्ट, हे सगळं कागदावर होतं. एर्तेगुनला स्वरलेखन येत नव्हतं, त्याच्या डोक्यात चाल असायची पण वादकांसमोर ठेवायला पानं कोण लिहिणार? स्टोन. गायकांची तालीम कोण घेणार? स्टोन. अटलांटिकचं ऑफिस छप्पनाव्या रस्त्यावर होतं आणि रेकॉर्डिंगच्या वेळी टेबलं बाजूला सरकवून त्याच खोलीत वादक बसवायचे, रेकॉर्डिंगच्या यंत्रावर इंजिनियर टॉम डाउड. अशा जागेत गोंधळ न होता दोन-तीन तासांत तीन-चार गाणी निघायची, ती प्रत्येकाच्या समोर काय वाजवायचं ते लिहिलेलं असल्यामुळे. आहमेत एर्तेगुनने नंतर स्वतः म्हटलंय की रॉक अँड रोलचा मूळ साउंड घडवण्यात जेसी स्टोनएवढं काम दुसऱ्या कोणीच केलं नाही. मालक माणूस होता, श्रेय स्वतःकडे ठेवू शकला असता, तरी म्हणाला, म्हणून त्या बोलण्याला मी वजन देतो.

प्रश्न : मी हौशी गीतकार आहे. त्याच्या लिहिण्यात शिकण्यासारखं काय वाटतं तुम्हाला?

दोन गोष्टी सांगतो. पहिली म्हणजे मुखडा. जुन्या ब्लूजमध्ये साधारण पद्धत अशी की एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचं, आणि असे अंतरे एकामागून एक येत राहणार. 'शेक, रॅटल अँड रोल'मध्ये स्टोनने ब्लूजचा बारा बारचा (एक बार म्हणजे चार मात्रा) साचा तसाच ठेवला, पण अंतरा वेगळा आणि मुखडा वेगळा केला, दोन्ही त्याच बारा बारवर. म्हणजे गायक गोष्ट पुढे नेतो आणि मध्येमध्ये सगळ्यांना एकत्र ओरडता येईल अशी तीन शब्दांची ओळ परत येते. रेकॉर्डवर मुखड्यात जे मागे ओरडतायत ते कोण माहितीये? स्टोन, एर्तेगुन आणि जेरी वेक्सलर, कंपनीचीच माणसं. आणि वेक्सलर म्हणजे तोच, ज्याने बिलबोर्ड या संगीत-व्यवसायाच्या साप्ताहिकात असताना १९४९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या संगीतासाठी वापरला जाणारा 'रेस रेकॉर्ड्स' हा शब्द काढून 'रिदम अँड ब्लूज' हा शब्द आणला.

दुसरी गोष्ट विषय. 'मनी हनी' घ्या, १९५३ चं, ड्रिफ्टर्स या गायकगटाचं पहिलंच गाणं, गायक क्लाइड मॅकफॅटर. घरमालक भाड्यासाठी दारात उभा, याच्या खिशात दमडी नाही, प्रेयसीकडे मागावं तर ती पण पैशाचंच बोलते. प्रेमगीतात घरभाडं आणायचं, आणि तरी ते रडगाणं होऊ द्यायचं नाही, हे सोपं नाहीये. अंतऱ्यात बँड मध्येच थांबतो, मॅकफॅटर मोकळ्या जागेत एकटा बोलल्यासारखा गातो, बँड फक्त एकेक फटका देतो, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू येतो आणि विनोद वाया जात नाही. गीतकार आणि संयोजक एकच असल्याचा हा फायदा, त्याला माहीत असतं की कुठल्या शब्दाला जागा करून द्यायची आहे. ते गाणं आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या खपाच्या यादीत अकरा आठवडे पहिल्या नंबरवर होतं. क्लोव्हर्स या गायकगटासाठी लिहिलेल्या 'युअर कॅश एंट नथिंग बट ट्रॅश'मध्येही विषय पैसाच. ज्यांच्यासाठी तो लिहीत होता त्यांची रोजची काळजी त्याला माहीत होती.

प्रश्न : बिल हेली या गोऱ्या गायकाने 'शेक, रॅटल अँड रोल' उचललं आणि टर्नरपेक्षा जास्त नाव कमावलं. यात स्टोनचं नुकसान झालं ना?

इथे गायक आणि गीतकार यांचा हिशोब वेगवेगळा ठेवायला लागतो, नाहीतर गल्लत होते.

टर्नरची रेकॉर्ड जून १९५४ मध्ये आर अँड बी यादीत पहिली आली. त्याच जूनमध्ये हेलीने डेका कंपनीसाठी आपली आवृत्ती रेकॉर्ड केली, ती मुख्य पॉप यादीत सातव्या नंबरपर्यंत गेली आणि तिच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. हेलीच्या आवृत्तीत शब्द धुऊन काढले होते, टर्नरचं गाणं अंथरुणातून सुरू होतं तर हेलीचं थेट स्वयंपाकघरात, बाईच्या झिरझिरीत कपड्यांचा उल्लेखही गेला. मात्र माशांच्या दुकानात डोकावणाऱ्या एका डोळ्याच्या मांजराची ओळ तशीच राहिली, आणि सगळ्यात चावट ओळ तीच होती!

आता पैसे. तेव्हा लागू असलेल्या १९०९ च्या कायद्याप्रमाणे गाणं एकदा रेकॉर्ड झालं की ठरलेली रक्कम भरून दुसरं कोणीही ते गाऊ शकत होतं आणि ती रक्कम होती एका प्रतीमागे दोन सेंट. प्रकाशक आणि गीतकार ती साधारण अर्धी अर्धी वाटून घ्यायचे. म्हणजे दहा लाख प्रतींवर वीस हजार डॉलर आणि त्यातले साधारण दहा हजार गीतकाराचे, शिवाय रेडिओवर वाजल्याचे वेगळे. म्हणजे हेलीच्या रेकॉर्डमधून कॅल्हूनच्या नावाने पैसे येणारच होते. टर्नरला मात्र हेलीच्या विक्रीतला एक सेंटही मिळणार नव्हता, कारण आवाजाला, गाण्याच्या ढंगाला, त्या रेकॉर्डला कायद्याने काहीच संरक्षण नव्हतं. १९५५ मध्ये लव्हर्न बेकरचं 'ट्वीडली डी' जॉर्जिया गिब्जने जसंच्या तसं उचललं तेव्हा बेकरने अमेरिकी काँग्रेसच्या सभासदाकडे तक्रार केली, ती याच मुद्द्यावर.

मग स्टोनचं नुकसान कुठे? माझ्या मते संयोजनात. गाण्याचे शब्द आणि चाल यांचे पैसे आले, पण जी बासची ओळ, जो सॅक्सोफोनचा तुकडा, जी मांडणी त्याने लिहिली ती कोणीही फुकट घेऊ शकत होतं आणि सगळ्यांनी घेतली. आणि त्याचं खरं मोठं काम तर तेच होतं. याचा मला अजूनही राग येतो.

प्रश्न : असे विसरलेले गीतकार आणखी किती? बायका होत्या का त्यात?

पुष्कळ होते, दोघांची नावं तरी लक्षात ठेवाच. रुडी टूम्ब्ज, ज्याने रूथ ब्राउनसाठी 'टियरड्रॉप्स फ्रॉम माय आइज' लिहिलं, १९५० चं मोठं गाणं, आणि क्लोव्हर्सचं 'वन मिंट जुलेप'ही त्याचंच. १९६२ मध्ये हार्लेममध्ये लुटारूंच्या हल्ल्यात तो गेला. आणि रोज मेरी मॅकॉय, आर्कान्सामधल्या वनायडा गावची, गायिका व्हायला न्यूयॉर्कला आलेली आणि गीतकार झालेली. बिग मेबेलचं 'गॅबिन ब्लूज' तिचं, एल्विस प्रेस्लीने गायलेलं 'ट्राइंग टू गेट टू यू' तिचं आणि चार्ल्स सिंगल्टनचं. त्या काळात एका कृष्णवर्णीय बाईने न्यूयॉर्कच्या संगीत प्रकाशकांच्या दारोदार जाऊन गाणी विकणं म्हणजे काय असेल याचा विचार करा. २०१५ मध्ये ती गेली. तिच्यावर एक वेगळा कॉलम करणार आहे.

प्रश्न : स्टोनला जिवंतपणी मान मिळाला का? आणि ऐकायला सुरुवात कुठून करू?

तो ९७ वर्षं जगला, १ एप्रिल १९९९ रोजी फ्लोरिडात गेला. म्हणजे एल्विसने जानेवारी १९५६ मध्ये पहिल्यांदा देशभर टीव्हीवर दिसताना स्टोनचंच 'शेक, रॅटल अँड रोल' आणि त्याला जोडून 'फ्लिप, फ्लॉप अँड फ्लाय' गायलेलं, आणि १९७९ मध्ये आयझॅक हेजने 'डोन्ट लेट गो' डिस्कोच्या ठेक्यावर आणलेलं, हे सगळं त्याने आपल्या हयातीत बघितलं. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं ते मात्र २०१० मध्ये, जाऊन अकरा वर्षं झाल्यावर, ओटिस ब्लॅकवेल वगैरे गीतकारांच्या बरोबर. उशीर झाला, फार झाला.

ऐकायचं तर 'स्टार्व्हेशन ब्लूज'पासून सुरू करा, मग वर सांगितलेली 'सोरगम स्विच' आणि 'कोल स्लॉ' ही जोडी, मग 'मनी हनी', मग टर्नरचं 'शेक, रॅटल अँड रोल' (हेलीचं नंतर), मग रे चार्ल्सचं 'लूझिंग हँड', जे संथ आहे आणि स्टोनची वेगळीच बाजू दाखवतं, आणि शेवटी रॉय हॅमिल्टनचं १९५८ चं 'डोन्ट लेट गो'. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात बास ऐकूच येत नाही, हेडफोन लावा.